मांजराला एकादशी लावू नका

बेळगावातल्या आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. खानापूरच्या मेहुण्यांनी तोच पाठवला, निपाणीच्या आत्यांनीही. मजकूर असा: ‘घरात कोंडून पाळलेल्या मांजराला मांस देऊ नका, तापट होतं, दूध-भात द्या. पोट बिघडलं तर दोन दिवस उपाशी ठेवा. जंतांवर लसूण, केसांच्या गोळ्यावर तूप, कुंथत असेल तर एरंडेल.’ शेवटी हात जोडलेले. आमच्या घरी कुंदा नावाचा बोका आहे (बेळगावच्या कुंदा मिठाईच्या रंगावरून ठेवलेलं नाव), म्हणून उत्तर लिहितोय.

आधी उपाशी ठेवण्याचं, कारण यात मांजर जाऊ शकतं. लंघन हे परमौषध असेल, पण माणसाला. मांजराचं खाणं बंद झालं की अंगातली चरबी यकृताकडे धावते आणि तिथेच साठत जाते, कारण तेवढी चरबी निपटायची ताकद त्याच्या यकृतात नसते. काही दिवसांत हिरड्या, कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते. मांजर जितकं लठ्ठ, तितका धोका जास्त. आणि फ्लॅटमधली मांजरं बहुतेक लठ्ठच असतात, दिवसभर गॅलरीतल्या कबुतरांकडे बघण्यापलीकडे त्यांना काम काय? मोठ्या मांजराने चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. पिल्लाच्या बाबतीत एवढंही थांबायचं नाही.

आता दूध. समोरच्या अक्का म्हणतात, “पिऊलालंय की आवडीनं!” पितं, खरं आहे. पण आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं द्रव्य कमी होत जातं. न पचलेली साखर पुढे सरकते, आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात. मग वारा धरतो, ढाळ होते. गंमत म्हणजे ज्या साखरेमुळे हा घोटाळा होतो तिची गोडी मांजराला कळतच नाही, त्याच्या जिभेला गोड चव नसते. त्याला ओढ असते ती सायीची. कुंदाला मी दोन वर्षं रोज वाटीभर दूध पाजलं आणि पातळ शीचा दोष फरशी पुसायच्या फिनेलला दिला. काही मांजरांना थोडं दूध पचतं, हे मान्य. पण ते जेवण नव्हे, आणि पाण्याची जागाही घेत नाही.

मांसाने तापट होतं याला आधार नाही. उलट मांसाशिवाय मांजराचं भागत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याला अन्नातून लागतं आणि ते भात-चपातीत नसतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजतो, हे 1975 मध्ये समजलं. हृदय फुगून दुबळं होतं, हे 1987 मध्ये. त्यानंतर कंपन्यांनी तयार खाद्यातलं टॉरिन वाढवलं. आपल्याकडे कितीतरी लिंगायत, जैन, ब्राह्मण घरांत मांस शिजत नाही, ती अडचण खरी आहे. त्यांच्यासाठी मांजराचं संपूर्ण आहार म्हणून विकलं जाणारं तयार खाद्य बरं. निदान घरात शिजवावं तरी लागत नाही.

लसणाचं थोडक्यात: लसूण-कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. म्हणून रविवारचा मटणाचा रस्साही भातावर ओतून देऊ नका. जंतांचं औषध वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

तूप पचून जातं, केसांच्या गोळ्यापर्यंत वंगण म्हणून पोचत नाही. त्यापेक्षा रोज कंगवा फिरवा; जो केस कंगव्यात आला तो पोटात गेला नाही.

शी कडक होण्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमी. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, भक्ष्यातल्या पाण्यावर भागवणारे; तहान लागली म्हणून उठून वाटीकडे जायची त्यांच्या वंशजांना फारशी सवय नाही. कोरड्या दाण्यात दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, ओल्या खाद्यात पाऊण भागाहून जास्त. कुंदाला आता एका वेळी ओलं देतो, दाणे भिजवतो आणि पाण्याच्या दोन वाट्या वाळूच्या ट्रेपासून लांब ठेवतो.

राहिलं एरंडेल. ते नकोच. आणि बोका ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल तर आधी ट्रेतली वाळू बघा, ओली झालीय का. बऱ्याचदा अडलेली असते ती लघवी, शी नव्हे. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला तर दोन दिवसांतही बोका जातो. अशा वेळी ग्रुपवर विचारत बसू नका, रात्र असली तरी पिशवीत घाला आणि जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.