किल्ला बाबांनी कसा करावा

सुजाण पालकहो, दिवाळीला अवकाश आहे तोवर हे लिहून ठेवतो. गेल्या वर्षी मी गाफील राहिलो आणि आमच्या सोसायटीच्या किल्ले स्पर्धेत माझ्या लेकीचा किल्ला शेवटून पहिला आला. चूक सर्वस्वी माझी. तिसरीतल्या मुलीचा किल्ला मी तिसरीतल्या मुलीला करू दिला. तुमच्या घराण्याची अशी नाचक्की होऊ नये म्हणून चार सूचना.

माती मुलाच्या दृष्टीस पडू देऊ नका. मातीत जंतू असतात. मॉलमधल्या प्लास्टिकच्या चेंडूंच्या हौदात शंभर पोरं शिंकतात, तिथे नसतात. तिथे तासावर पैसे घेतात ना.

मुलाला कंटाळा येऊ देऊ नका. कंटाळलेलं पोर स्वतःहून काहीतरी करायला घेतं आणि मग ते निस्तरावं लागतं. सोमवारी अबॅकस, मंगळवारी फोनिक्स, बुधवारी रोबोटिक्स, गुरुवारी तबला. आणि एवढं करूनही त्याचं कशात लक्ष लागत नाही म्हणून शुक्रवारी समुपदेशक.

‘आमच्या वेळी आम्ही शाळेत चालत जायचो’ हे भाषण पाठ ठेवा. मुलाला दोन गल्ल्या पलीकडच्या क्लासला गाडीतून सोडताना ते फार उठून दिसतं.

आता मुख्य विषय, स्पर्धा. नाव मुलाचं द्यायचं, बाकी सगळं आपण करायचं. तयार किल्ला विकत मिळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा, बुरूज-तटबंदीसकट. तो आणा, बाल्कनीत झाकून ठेवा आणि मुलाला बजावा, ‘हात लावू नकोस, रंग जाईल.’ परीक्षक आले की त्याला नवा झब्बा घालून शेजारी उभा करा. पाठ केलेली माहिती म्हणायची, फोटो काढायचा, करंडक घ्यायचा.

आमच्याकडे पहिला आलेला किल्ला सिंधुदुर्ग होता. झकास होता, नाही म्हणत नाही. खाली निळा चकचकीत समुद्र, त्यात छोटी गलबतं, तटावर दिव्यांची माळ, शिवाय मोबाइलवर चालणारा पोवाडा. त्या मुलाच्या बाबांनी ऑफिसातून दोन दिवस रजा काढली होती आणि सजावटवाला वेगळा बोलावला होता. परीक्षकांनी मुलाला विचारलं, ‘बाळा, हा किल्ला कोणत्या गावाजवळ आहे?’ बाळाने बाबांकडे पाहिलं. बाबा ओठ हलवून ‘मालवण, मालवण’ म्हणत होते.

खऱ्या सिंधुदुर्गात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा चुन्यात जपून ठेवलाय. लोक तो बघायला बोटीत बसून जातात. आणि ह्या सिंधुदुर्गावर ज्याच्या नावाची पाटी होती, त्या पोराच्या बोटाचा ठसा शोधून सापडला नसता.

लेकीने राजगड केला होता. पंपाच्या खोलीमागे, तीन दिवस, ती आणि बी विंगमधली दोन पोरं. विटांवर ओलं गोणपाट, त्यावर चिखल. राजगडाला माच्या तीन, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. हिच्या राजगडाला अडीच झाल्या, कारण माती संपली. अळीव पेरला तो एकाच बाजूला उगवला. गुहेतला वाघ महाराजांपेक्षा मोठा होता आणि पहाऱ्याला मावळ्यांसोबत एक प्लास्टिकचा ट्रॅक्टर. सलाईनच्या नळीचं कारंजं दीड मिनिट उडालं, तेव्हा तिघं असे ओरडले की वरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. परीक्षक तिथे दहा सेकंद थांबले. ‘फिनिशिंग कमी आहे,’ म्हणाले. फिनिशिंग! आठ वर्षांच्या पोरीला!

पाडव्याच्या सकाळी ग्रुपवर सेक्रेटरींची सूचना: ‘आवारात मातीकामास सक्त मनाई. गटार तुंबल्यास खर्च संबंधित पालकांकडून वसूल करण्यात येईल.’ खाली अठ्ठावीस अंगठे. त्यातले निम्मे अंगठे जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले तेव्हा भगवं स्टेटस ठेवणाऱ्यांचे. भाऊबीजेला वॉचमनने राजगड पाट्यांत भरून नेला. आमच्या लहानपणी किल्ला आम्हीच उडवायचो, शेवटच्या दिवशी, पोटात सुतळी बॉम्ब लावून. निदान तो मान तरी आमचा होता.

आमचे आईबाप फार थोर होते असं मला म्हणायचं नाही. त्यांना वेळ नव्हता, एवढंच. चिखलाचे पाय घेऊन घरात आलो की पाठीत धपाटा बसायचा, आणि तो प्रेमाचा वगैरे मुळीच नसायचा. पण माझ्या वडिलांनी माझा बुरूज सरळ केला नाही. त्यांना बुरूज आहे हेच ठाऊक नव्हतं.

मी केला. होय, सांगूनच टाकतो. दुसऱ्या रात्री अकरा वाजता बॅटरी घेऊन खाली गेलो आणि हिचा कललेला बुरूज खरवडून, थापून नीट गोल केला. सकाळी ती गेली, बराच वेळ बघत बसली, मग दोन्ही हातांनी तो बुरूज पाडला आणि पुन्हा वाकडाच बांधला. मला एका शब्दाने विचारलं नाही. नाश्त्याला माझ्याशी बोलली नाही.

म्हणून आता सूचनाबिचना पुरे. अहो, कळतंय का आपण काय करतोय? पोरांना मोबाइल आपण द्यायचा, माती आपण बंद करायची, मैदानावर गाड्या आपण लावायच्या, वर ‘हल्लीची मुलं खेळतच नाहीत’ म्हणून गळा आपणच काढायचा. आणि चुकूनमाकून एखादं पोर खेळायला उतरलंच तर त्याच्या हातातून खेळ काढून घेऊन आपणच खेळत बसायचं, बक्षिसासकट. चाळिशीतल्या माणसाने आठ वर्षांच्या गटात करंडक घेऊन फोटो काढताना जरा तरी लाज वाटू द्या. तुमच्या लहानपणी किल्ल्याची हौस राहून गेली असेल तर मोठ्यांचा वेगळा गट काढा. मीही नाव देतो. पण पोरांच्या किल्ल्यापासून हात लांब ठेवा. वाकडा होऊ दे. पडू दे. तुम्हाला कोणी विचारलंय?

यंदा दोन पोती लाल माती आणणार आहे, तिसरी माची अर्धी राहायला नको. आणि सेक्रेटरीसाहेब, गटार मी स्वतः उपसलं. त्यात माती घमेलंभर निघाली. बाकी सगळ्या गुटख्याच्या पुड्या होत्या, त्या कोणत्या तिसरीतल्या मुलीच्या, ते ग्रुपवर विचारा.