कोंडी सोडवू नका, हलवा

तुमच्या शहरात वाहतूक कोंडी आहे? अभिनंदन, म्हणजे विकास जोरात आहे. आता ती कोंडी हलवायची कुठे, एवढंच ठरवा. सोडवायच्या भानगडीत पडू नका. सोडवायची म्हटली की बस वाढवाव्या लागतात, आणि बसचं भूमिपूजन करता येत नाही.

पुण्याकडून शिका. एरंडवणे, कोथरूड इथल्या जुन्या सोसायट्या आधी पुनर्विकासाला द्या. जिथे बारा बिऱ्हाडं आणि जिन्याखाली चार स्कूटर होत्या, तिथे तीन मजले नुसत्या पार्किंगचे चढवा. समोरची गल्ली मात्र होती तेवढीच ठेवा. मग सगळ्या गाड्या लॉ कॉलेज रस्त्यावर आल्या की आश्चर्य व्यक्त करा. आश्चर्य मनापासून वाटलेलं दिसलं पाहिजे.

पुढे नकाशा उघडा. बालभारती ते पौड फाटा अशी नव्या रस्त्याची रेघ मारा, जेमतेम दोन किलोमीटर भरेल. मध्ये वेताळ टेकडी येते, पण नकाशात ती हिरवी असते; हिरवं म्हणजे रिकामं. तिथे मोर आहेत, पाणी मुरतं, असं लोक सांगतील. त्यांच्यासाठी हरकती-सूचनांची मुदत ठेवलेलीच असते. 2023 मध्ये तर टेकडी वाचवायला मोर्चा निघाला. अशा वेळी ‘टेकडीला धक्का न लावता, खांबांवरून’ असं म्हणावं. खांब हवेत रोवतात, असा चेहरा ठेवावा.

अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1962 मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता वाढवला, की गर्दीच्या वेळची कोंडीही त्याला पुरेल इतकी वाढते. बिचाऱ्याला कोथरूडमध्ये कधी पार्किंग शोधावं लागलं नव्हतं. दुर्लक्ष करा.

पुलांबाबत हात आखडता घेऊ नका. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल 2020 मध्ये पाडले आणि तिथेच नवा, मेट्रोसह दुमजली पूल घेतला. एकाच चौकात दोनदा नारळ फुटला! नळ स्टॉपला 2022 मध्ये पूल झाला. आता गाड्या चौकात थांबायच्या त्या पूल उतरतो तिथे थांबतात. प्रगती म्हणतात ती हीच.

खरा आदर्श मात्र एचसीएमटीआर, म्हणजे ‘हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट’. 1987 च्या विकास आराखड्यातला हा सुमारे 36 किलोमीटरचा वर्तुळाकार मार्ग. बांधलाच नाही, त्यामुळे त्यावर आजवर एकदाही कोंडी झालेली नाही. पुण्यातला एवढा मोकळा रस्ता दुसरा दाखवा.

तोवर तुम्ही फ्लॅट बघून ठेवा. जाहिरातीत ‘नियोजित रस्त्यापासून पाच मिनिटांवर’ लिहिलेलाच घ्या, आणि पार्किंग दोन मागा. एक मिळेल, पण मागून ठेवलेलं बरं.