टॅक्सीने जा ना, आंटी

आज सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली. तिघींच्या बाकावरची ती कडेची चौथी सीटसुद्धा नाही, दोन बाकांच्या मधे उभी. शेजारी विशी-बाविशीची मुलगी, हातात फोन, कानात काही नाही. आणि फोनवर एकच रील. धडाड धडाड ठेका, एक किंचाळलेली ओळ, संपलं, की पुन्हा पहिल्यापासून. फोनच्या स्पीकरला खर्ज नसतोच, नुसतं चिरकतं. दिवा स्टेशनपासून मी मोजत होते. ठाणं यायच्या आत चोवीस वेळा झालं. म्हटलं, "अगं, जरा आवाज कमी कर." तर वर न बघता म्हणाली, "एवढा त्रास होतो तर टॅक्सीने जा ना, आंटी."

आंटीचं एक वेळ सोडा. पण त्यानंतर अख्खा कोपरा पेटला. खिडकीवालीने हिला सुनावलं, हिने तिला. चौथ्या सीटवरची, जिचा काही संबंध नव्हता, तिने कालचं पंख्याचं भांडण उकरून काढलं. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, सासूबाई फेसबुकवर आहेत.

"टॅक्सीने जा" हे मी याआधीही ऐकलंय. त्यासाठीच लिहायला बसले.

२००९ची गोष्ट. संध्याकाळची गाडी, जुलै, बाहेर धो धो. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. ठाणं सुटलं, बोगद्यात शिरलो आणि गाडी थांबली. पंखे बंद, दिवे बंद, फोनला रेंज नाही. ओल्या छत्र्या, घाम, कुणाच्या तरी पिशवीतली मेथी. माझ्या पोटाला एका मुलीची भलीमोठी सॅक टोचत होती. म्हटलं, "बिऱ्हाड घेऊन फिरतेस का?" ती म्हणाली, "तुम्ही टॅक्सीने जा ना." मग मी तिच्या आईवडिलांपर्यंत गेले. मागून कुणी रडायला लागलं, कुणी तिच्यावर खेकसलं. अजून पाच मिनिटं गेली असती तर हातघाईवर आलो असतो, खोटं कशाला बोलू.

आणि आमच्या लोकलमधल्या भजनमंडळातल्या काकूंनी टिफिनच्या झाकणावर बांगडी वाजवायला सुरुवात केली. काकूंचा आवाज? अतिशय वाईट. पट्टी एकीकडे, काकू दुसरीकडे. साधा विठ्ठलाचा गजर. पहिल्यांदा दोघीतिघींनीच ओढला. मग बाकावर कुणी थाप मारली, मग दाराकडून टाळ्या आल्या.

आज ऑफिसात हे सांगितलं तर एक बाई म्हणाल्या, "ती भजनं बंद पडली ते बरंच झालं, नुसता गोंगाट." डोकंच फिरलं माझं. गोंगाट? आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, त्या काय देवभक्ती उतू चालली म्हणून गात होत्या? दगड जड असतो हो. ओवीच्या लयीत हात फिरतो, आणि सासरबद्दल जे तोंडावर बोलता येत नाही ते जात्याला सांगता येतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. वाचा कधीतरी, देवापेक्षा सासूच जास्त आहे त्यात. वारीत आळंदी ते पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर माणसं टाळाच्या ठेक्यावर चालतात. टाळ काढून घ्या आणि मग चालवून दाखवा.

आता तुम्ही म्हणाल, भजनवाले जागा अडवायचे. अडवायचे. पिशव्या टाकून बाकडी धरायचे, दादागिरी होती, मान्य. नाइट ड्युटी करून निघालेल्या नर्सला कानाशी टाळ नको असतील, तेही मान्य. रेल्वेच्या कायद्यात उपद्रवाचं कलम १४५ आहे, आणि ते भजनाच्या वेळी बरोबर आठवतं लोकांना. रीलच्या वेळी बघा कुणाला आठवतंय का.

असो. बोगदा.

अंधारात चेहरे दिसत नव्हते, म्हणून फक्त ऐकू येत होतं. आधी श्वास ऐकू यायचे, भराभर, धापा टाकल्यासारखे. गजर ओढायला लागलो तसे ते लांबले. लांबणारच, गाताना श्वास सावकाश सोडावाच लागतो. मागचं रडणं थांबलं. कुणीतरी न मागता चौथी सीट सोडली आणि एका गरोदर बाईला पुढे ओढून बसवलं. तीच बाई मघापासून विचारत होती, कुणी ऐकलं नव्हतं. मी तरी कुठे ऐकलं होतं!

आणि माझ्या पोटातली सॅक गेली. तिने खांद्यावरून काढून पायाशी घेतली होती. गजर संपून अभंग सुरू झाला तेव्हा कानाशी तिचा आवाज आला, "पुढची ओळ काय आहे हो?" मला कुठे येत होती? मी आपलं आ-आ केलं. तिनेही केलं.

गाडी हलली, दिवे लागले, तरी काकू थांबल्या नाहीत. दिवा स्टेशन गेलं तेव्हा झाकण पुसून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "चला, उसळ सांडली सगळी." ती मुलगी डोंबिवलीला माझ्यामागून उतरली. सॉरी वगैरे कुणी म्हटलं नाही.

काकू रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आज त्या असत्या तर त्यांनी काय केलं असतं, हे मी ठाणे ते घाटकोपर विचार करत होते. मला का नाही सुचलं दोन टाळ्या वाजवायचं? लाज वाटली, दुसरं काय. सगळे शूट करतील ही भीती. शिवाय मी त्या पोरीवर चिडलेच होते, गाते कसली!

ती घाटकोपरला उतरली, मेट्रोकडे धावली. तिलाही लेटमार्क असेल.

दुपारी डबा खाताना समोरच्या मॅडम म्हणाल्या, "काय वाजवतेयस गं मघापासून?" बघते तर माझी बोटं झाकणावर. धडाड धडाड, तीच रील.