"तंबाखू नसलेलं पान कॅन्सर रोखतं" म्हणे. मामीला आलेल्या मेसेजला उत्तर

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, "विड्याचं पान, निसर्गाचं औषध", खाली पाच मुद्दे आणि शेवटी सगळ्यांना पाठवा. एरवी मी सोडून दिलं असतं, पण यावेळी मामीनेच तो मला वाचून दाखवला आणि म्हणाली, बघ काय लिहिलंय, तंबाखू नसेल तर पान-सुपारीने कॅन्सर होत नाही, उलट अटकाव होतो, तू उगाच माझ्या मागे लागतोस. मामी गेली वीस वर्षं जेवण झालं की सुपारीचं खांड तोंडात टाकते. आणि गेले काही महिने तिला घरातली साधी आमटीसुद्धा झोंबते, बाकी कुणालाच झोंबत नाही ती.

म्हणून आधी हाच मुद्दा घेतो. विडा म्हणजे एक वस्तू नाही हो, पान वेगळं, चुना वेगळा, कात वेगळा आणि सुपारी वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था आहे, आयएआरसी. त्यांनी १९८५ साली तंबाखू घातलेला विडा कॅन्सरकारक ठरवला, पण बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरावा अपुरा आहे असं म्हटलं होतं. मग २००४ च्या अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की तंबाखू नसलेला विडासुद्धा माणसात कॅन्सर करतो आणि नुसती सुपारीही पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे नक्की ठरलेल्या गोष्टींच्या गटात, जिथे तंबाखू आहे. याला वीस वर्षं होऊन गेली तरी मेसेज १९८५ च्याही मागे अडकलेला.

सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असतं, त्याने गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल आतून ताठ होतो, पांढरट पडतो, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासं होतं. ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते आणि एकदा ताठ झालेला गाल सहसा पहिल्यासारखा होत नाही. मी मामीला म्हटलं, स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे उभी घाल. दोन गेली. तिसरं घालायला तिने दोनदा बघितलं, मग हात खाली घेतला आणि काही बोललीच नाही. हे ज्यांनी लिहिलं आणि ज्यांनी न वाचता पुढे ढकललं त्यांचा मला राग आहे तो यासाठी, कारण मामी एव्हाना डॉक्टरकडे गेली असती, मेसेज वाचून थांबली.

दुसरा मुद्दा, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, हाडं मजबूत होतात. चुन्यात कॅल्शियम आहे, मान्य. पण तो जहाल अल्कली आहे, तोंड भाजतं हे ज्याला पानात चुना जास्त पडलाय त्याला सांगायला नको, आणि सुपारीचा मारा चुन्याने वाढतोच. शिवाय असं रोज पोटात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीवर येऊ शकतं. कॅल्शियम कमी असेल तर डॉक्टर गोळी देतील.

पान जंतू मारतं हा तिसरा मुद्दा, यात थोडं तथ्य आहे हे कबूल करावंच लागेल. पानाच्या अर्काने प्रयोगशाळेत जंतू मरतात, आणि आयएआरसीने दोष सुपारीला दिलाय, नुसत्या पानाला नाही. पण काचेच्या बशीत जंतू मरणं वेगळं आणि माणसाचा आजार बरा होणं वेगळं.

चौथा मुद्दा, नागवेलीला, म्हणजे विड्याच्या पानाच्या वेलीला, मिरी धरते. हे साफ चूक, दोघी एकाच कुळातल्या, पिंपळीही त्यातलीच, पण वेली वेगळ्या.

आणि शेवटचं, वेल कडक उन्हात ठेवा आणि कुंडीत पाणी साचू द्या. हे वाचून मामीने तिची कुंडी गच्चीत नेली, चार दिवसांत पानं करपली. मिरज तालुक्यात आरग-बेडगकडचे पानमळे बघा, शेवरी, शेवगा, पांगारा यांच्या सावलीत वेल वर चढवलेली असते, ओल कायम पण पाणी तुंबू देत नाहीत, तुंबलं की मूळकूज आलीच. वेल फार उंच गेली की उतरण करतात, म्हणजे खाली घेऊन खोडाचा भाग मातीत पुरतात, तिथून नवी मुळं फुटतात. बी पेरत नाहीत, वेलीच्याच कांड्या लावतात.

कुंडी आता खाली जिन्याजवळ सावलीत आणलीये, करपलेली पानं काढली, पेऱ्यापाशी एक नवा कोंब दिसतोय. मामी जेवणानंतर नुसतं पान बडीशेप घालून खाते. सुपारीची डबी माझ्या कपाटात आहे, आणि दातांच्या डॉक्टरांकडची वेळ मंगळवारची मिळालीये.