चार्जरचं वजन कोण धरणार?

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. रोज जाऊन-येऊन तीन तास, त्यातला बराचसा वेळ उभ्यानेच. सॅक पोटाशी धरून, कारण गर्दीत ती पाठीला ठेवताच येत नाही. आणि लॅपटॉप बघायला गेले की दुकानदार मला सांगतो, "मॅडम, १.७ किलो म्हणजे हलकाच की!" अहो, कुणासाठी हलका? काउंटरवरून एकदा उचलून बघणाऱ्यासाठी?

सगळ्यात जास्त राग येतो तो चार्जरचा. खोक्यावर वजन फक्त लॅपटॉपचं. ती काळी वीट आणि तिची जाड वायर धरली की पाव किलो आणखी वाढतं, ते कुणी सांगत नाही. वर बारीक अक्षरांत "१.३ किलोपासून पुढे"! या "पुढे"मध्ये नेमकं किती, ते विचारलं की तिथे कुणालाच माहीत नसतं. डबा, पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री, हे सगळं त्याच खांद्यावर असतं हो.

१४ इंची, सव्वा किलोच्या आतला, टाइप-सीवर चार्ज होणारा दाखवा म्हटलं, की हमखास १५.६ इंची समोर येतो. "एवढ्याच पैशांत मोठा स्क्रीन!" नकोय मला मोठा स्क्रीन! आणि खरंच हलका मिळाला, तर त्यात रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, फक्त ८ जीबी, तीही आतल्या बोर्डाला कायमची जोडलेली. नंतर वाढवायची सोयच नाही.

पुढच्या शनिवारी घरचा वजनकाटा घेऊनच दुकानात जाणार आहे. चार्जरसकट मोजून द्या म्हणणार.