मांजराच्या जखमेवर घट्ट पट्टी? थोडं थांबा

‘मांजराला जखम झाली की डेटॉलने धुवा, कापूस ठेवून घट्ट पट्टी बांधा, दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या’ असा संदेश सध्या फिरतो आहे. जखम स्वच्छ करावी, एवढंच त्यातलं बरोबर. बाकी सगळं चूक.

सगळ्यात घातक शेवटचा सल्ला. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. डेटॉलसारखी फिनॉलच्या जातीची जंतुनाशकंही तशीच, आणि मांजर जखम चाटतंच, म्हणजे ती पोटातही जातात. धुवायला अर्धा लिटर उकळून कोमट केलेलं पाणी आणि चहाचा सपाट चमचाभर मीठ पुरतं.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून पाच मिनिटं सलग दाबून धरा. सारखं उचलून बघू नका. (मोह होतोच.) कापूस थेट जखमेवर नको, त्याचे तंतू चिकटतात, न चिकटणारं गॉज (जखमेवर ठेवायचं जाळीदार कापड) ठेवा. पट्टीखाली एक बोट सहज जायला हवं. पंजा सुजला, गार पडला किंवा बोटं फाकली, तर पट्टी लगेच सोडा.

दुसऱ्या मांजराने चावल्याची जखम मात्र बांधूच नका. वरचं छिद्र बारीक, ते पटकन मिटतं. आत दोन-चार दिवसांत पू साठतो. तिथे त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.