शेरा मारायला साहेब, सही करायला आम्ही

"पालकांची उदासीनता दिसून येते." असं आज आमच्या शाळेच्या शेरेबुकात लिहून गेलेत तपासणीला आलेले साहेब. निळ्या शाईत, खाली लफ्फेदार सही. आणि मी तिथंच उभी, टेबलापासून हातभर अंतरावर, त्यांच्या चहाचा रिकामा कप उचलत. त्या खोलीत माझ्याशिवाय दुसरं पालक नव्हतंच. म्हणजे उदासीन कोण, तर मी. सकाळपासून गॅसवर दूध तसंच ठेवून शाळेत आलेली, शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, उदासीन बाई.

गावाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचं पण नाही, उगाच गुरुजींच्या डोक्याला ताप नको. कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगराकडच्या अंगाला आहे एवढं बास. पहिली ते चौथी, पट २८. पदं दोन मंजूर. दुसऱ्या बाई "तात्पुरत्या स्वरूपात" दुसऱ्या शाळेला दिल्यात, कधीपासून ते विचारू नका, त्यांच्या नावाचा कप अजून कपाटात आहे. राहिले एकटे गुरुजी. चार वर्ग, चार इयत्तांची पुस्तकं, पोषण आहाराची नोंद, आणि तो मोबाईल.

तर आज सकाळी त्या मोबाईलवर, साहेबांच्या ऑफिसच्या ग्रुपवर फर्मान आलं, ११ वाजेपर्यंत माहितीची लिंक भरा, अत्यंत तातडीचे, दिरंगाई झाल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल. मला ह्या ग्रुपवरच्या भाषेचीच चीड येते. कुणी "नमस्कार" म्हणत नाही, सगळं "करण्यात यावे". आणि खाली लायनीनं अंगठे. शाळेत रेंज नाही. रेंज फक्त देवळाच्या पारावर, ती पण ढग नसले तर. मग गुरुजी गेले पारावर, आणि चौथीतल्या पोरीला सांगून गेले बाळ जरा पहिलीचं बघ. ती पोरगी हातात पट्टी घेऊन पहिलीला बे चे पाढे म्हणायला लावतीय, दुसरीतले खिडकीतनं बाहेर बघतायत, तिसरी आपापसात. आणि नेमकी त्याच वेळेला दारात बोलेरो!

साहेब उतरले. गॉगल काढला. "शिक्षक कुठायत?" पोरं म्हणाली पारावर. पोरं खोटं बोलत नाहीत ही पण एक अडचणच. मला निरोप आला म्हणून मी पळत आले, गुरुजी पारावरनं पळत आले, आणि साहेब मधल्या काळात दुसरीतल्या एका पोराला उभं करून वाचायला लावत होते. ते पोरगं आधीच बुजरं, त्यात समोर बूट, बेल्ट, गॉगल. त्यानं पुस्तक उलटं धरलं नव्हतं एवढंच. एक शब्द फुटेना. घरी त्याची आजी सांगते की तो पोथीतल्या ओळी जोडून जोडून वाचतो, पण ते साहेबांना कुठलं कळणार, त्यांच्या कागदावर एक रकाना आहे, त्यात टिक केली, संपलं. पोरगं अप्रगत.

मग गुरुजींना, पोरांच्या पुढ्यात, माझ्या पुढ्यात, डाळ निवडत बसलेल्या मावशींच्या पुढ्यात, "मुलं वाचत नाहीत, तुम्ही दिवसभर करता काय?"

गुरुजी म्हणाले, "सर, तुमचीच लिंक भरत होतो."

त्यावर साहेब काय म्हणाले असतील? "ते शाळा सुटल्यावर करायचं."

अहो ११ वाजता कुठली शाळा सुटते? तुमच्याच मेसेजमधे ११ लिहिलंय ना? माझ्या मोबाईलवर पण आहे तो मेसेज, गुरुजींनी मला फॉरवर्ड केला होता, खाली एक हात जोडल्याचं चित्र टाकून. मी तो उघडून साहेबांच्या नाकासमोर धरायला पाहिजे होता. माझं डोस्कं इतकं तापलेलं की कानशिलं ठणकत होती. मनात अख्खं भाषण तयार झालं, मुद्द्यासकट, शेवटचं वाक्य तर असलं जबरी होतं की बोलेरो आपोआप उलटी फिरली असती.

आणि मी केलं काय? शाल आणली. नारळ आणला. कपाटात एक शाल कायम असतेच, येणाऱ्या-जाणाऱ्या साहेबांसाठी, तीच घातली त्यांच्या खांद्यावर. फोटो काढला गुरुजींनी. त्या फोटोत मी हसतीय. दात दिसतायत. संध्याकाळी मालकांनी तो फोटो ग्रुपवर बघितला आणि म्हणाले, "सकाळी भांडायला गेलीस नव्हं का?" काय उत्तर देणार. आमच्या घरात माझ्या तोंडाला दीर घाबरतात, सासूबाई घाबरतात, उसाच्या टोळीचा मुकादम घाबरतो, आणि सरकारी गॉगल दिसला की मी आरतीचं ताट घेऊन उभी.

पण जाऊ दे, माझं हसू माझ्यापाशी. "पालकांची उदासीनता" हे मात्र मी विसरणार नाही.

उदासीन पालकांनी काय काय केलंय ते लिहू का? भिंतींना रंग, वर्गणीतनं. टीव्ही, मुंबईला असलेल्या पोरांनी दिला. पाण्याची टाकी, तरुण मंडळानं गणपतीच्या वर्गणीतनं. शाळेला वर्षाचं अनुदान किती, तर पट ३० च्या आत असला की १० हजार. त्यातच खडू, त्यातच लाईट बिल, त्यातच दुरुस्ती, त्यातच साहेबांची शाल. तेही एका दमात येत नाही. पावसाळ्यात तिसरीच्या कोपऱ्यात धार लागते, बादली ठेवतो. कौलं बदलायचा प्रस्ताव दिलाय, तर म्हणे फोटो जिओटॅग करून, म्हणजे जागेच्या नोंदीसकट टाका. टाकले. म्हणे फोटोत शाळेचं नाव दिसत नाही. अहो कौलावर कुणी शाळेचं नाव लिहितंय?

आणि ती साखर! पोषण आहारात १५ पदार्थांचा नवा मेनू काढला २०२४ ला, मोड आलेली कडधान्यं, तांदळाची खीर, नाचणी सत्त्व, ऐकायला एकदम झकास. २०२५ च्या जानेवारीत दुसरा कागद आला, खिरीच्या साखरेला वेगळे पैसे नाहीत, लोकसहभागातून भागवा. कोल्हापूर जिल्ह्याला सांगतायत साखर वर्गणी काढून घ्या! दारातनं रात्रंदिवस उसाच्या ट्रॉल्या जातायत, आणि मी डबा घेऊन दारोदारी, वहिनी वाटीभर साखर द्या, सरकारला खीर करायचीय.

गणवेशाचं तर नावच काढू नका. आधी एका गणवेशाला ३०० रुपये समिती खर्च करायची, गावातलाच टेलर माप घेऊन शिवायचा, पोराच्या अंगाला बसायचा. मग कुणाच्या तरी डोक्यातलं एक राज्य एक गणवेश २०२४ ला लागू झालं. कापड वरनं येणार. पंधरा ऑगस्टला आमची पोरं जुन्याच कपड्यात, आणि नंतर जे आलं त्यात पहिलीतल्या पोराची पँट मला झाली असती. दुसऱ्या गणवेशाची शिलाई ११० रुपये देतो म्हणाले. टेलर माझ्याकडे बघून नुसता हसला, बोलला पण नाही. वर्ष संपायच्या आत तो कारभार गुंडाळून परत समितीकडेच. पुस्तकात वहीची कोरी पानं घालायचा प्रकार आठवतोय का? दप्तर हलकं करायला म्हणून पुस्तक जाड केलं, दोन वर्षांनी ती पानं पण गेली. पहिलीपासनं तिसरी भाषा, २०२५ च्या एप्रिलात जीआर, जूनमधे सुधारित जीआर, जून संपायच्या आत दोन्ही रद्द. आमच्या पहिलीला त्या वेळी मराठीतला "क" शिकवायला माणूस नव्हता, भाषा कुठली तिसरी!

हे सगळं ठरवताना आम्हाला कुणी विचारलं? २००९ च्या कायद्यात लिहिलंय, समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत, निम्म्या बायका पाहिजेत, शाळेचा विकास आराखडा समितीनं करायचा. त्या निम्म्या बायकांच्या हिशोबात तर मला धरून नेलं होतं, चुलीवर भाकरी टाकत होते, म्हणाले फक्त सही करायचीय. खरंच फक्त सहीच करायची होती. शिक्षक कोण द्यायचा ते वरनं, काढून कुठं न्यायचा ते वरनं, कपडा वरनं, मेनू वरनं, चाचणीचा पेपर वरनं. आमच्याकडे सभेची एक प्रोसिडिंग वही आणि एक शिक्का. त्याच कायद्यात ६० पटापर्यंत दोन शिक्षक लिहिलेत. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षक लावू नये असंही लिहिलंय. त्यातल्या निवडणुकीच्या फटीतनं बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम आलंच गुरुजींच्या गळ्यात, आणि बाकीच्या लिंकांना तर फट पण लागत नाही. शाळेच्या माहितीचं युडायस, पगाराचं शालार्थ, पोरांचा अपार आयडी, आधार जुळत नाही म्हणून परत आधार, निरक्षरांचा सर्वे, आणि झाडाबरोबरचा फोटो.

तक्रार करायची तर कुणाकडे? झेडपीची मुदत २०२२ च्या मार्चात संपली, मग कित्येक वर्षं प्रशासकच होता. मेंबर काही फार उजेड पाडत होते अशातला भाग नाही, पण निदान जत्रेत, लग्नात, कुठंतरी गाठून त्याला चार शिव्या घालता यायच्या. पोर्टलला कुठं गाठायचं?

पट कमी झाला की परत आम्हालाच बोल. पट का कमी होतोय ते सकाळी साडेसातला फाट्यावर येऊन बघा, पिवळ्या व्हॅन लायनीनं. सरपंचांची नातवंडं त्यात. तालुक्याच्या गावातल्या आमच्या बऱ्याच शिक्षकांची पोरं त्यात. चुकतं कुणाचं म्हणणार, मी पण धाकटीसाठी फी विचारून आले होते, मालक म्हणाले एवढ्यात म्हैस येते. पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट कमी, आणि हे ज्यांनी सुरू केलं तेच येऊन विचारतात मुलं का वाचत नाहीत. पलीकडच्या गावात सहावी-सातवी आहे, तिथं नव्या संचमान्यतेनं, म्हणजे किती पटाला किती शिक्षक ते ठरवणारा १५ मार्च २०२४ चा जीआर, सहावी ते आठवीचा पट २० च्या आत असला की शिक्षक शून्य. शून्य! पोरं आहेत, वर्ग आहे, फळा आहे, मास्तर नाही.

आणि परत हे साहेब लोक भाषण करायला आले की सुरुवात ठरलेली, "राजर्षी शाहूंच्या ह्या नगरीत". अहो महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरगं शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. म्हणजे शाळा चालू ठेवायची जबाबदारी आधी दरबारानं घेतली, मग दंड लावला. आत्ता पोर शाळेत आहे, आईबाप वर्गणी देतायत, मास्तर पारावर आहे. दंड कुणाला लावायचा सांगा. पोरींच्या हजेरीला १९९२ ला ठरवलेला भत्ता दिवसाला १ रुपया, तो वर्षानुवर्षं तेवढाच. महाराजांच्या वेळच्या रुपयाला तरी काही किंमत होती.

एक मात्र सांगते, ह्याच जिल्ह्यातल्या डोंगरातल्या झेडपीच्या शाळांतली पोरं शिष्यवृत्तीच्या यादीत येतात, भुदरगड घ्या, राधानगरी घ्या. मास्तर वर्गात असला की होतं सगळं, ह्यात काही जादू नाही.

आता त्या शेऱ्यामुळं आम्हाला "पालक जागृती अभियान" घ्यायचंय, ठराव आणि फोटो सोमवारपर्यंत. ठराव मी लिहिलाय. स्वतःच्या हातानं, प्रोसिडिंग वहीत, की दुसरं पद आधी भरा, तोवर आम्ही उदासीनच राहू. सह्या घेऊन तालुक्याला गेले, आवक नंबर टाकून द्या म्हटलं. तिथला क्लार्क मान वर न करता म्हणाला, वहिनी, आता कागद घेत नाही, शाळेच्या ईमेलवरनं पाठवा. शाळेच्या ईमेलचा पासवर्ड गुरुजींकडं. गुरुजी उद्यापासनं ट्रेनिंगला.